तळघरातला पंखा

शिट्टी शाळेतून येतेय हे बाबांना तळघरात बसल्या बसल्या कळायचं. ती वळणावर कोणाशी तरी वाद घालत असायची, नाहीतर एकटीच गात असायची, आणि तिचा आवाज उतारावरून घरंगळत खाली आला की भिंतीवर टांगलेली ट्रम्पेटं हलकेच झणझणायची. "आल्या बाईसाहेब," असं बाबा हातातल्या वाद्यालाच सांगायचे.

तिला दुसरंही नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. जन्मली तेव्हा अशी काही किंचाळली की नर्स म्हणाली, "ही मुलगी आहे का शिट्टी?" ही गोष्ट ताई सांगायची. ताई तेव्हा शाळेत होती, नर्सच्या आसपासही नव्हती. पण ताईला सगळं आठवायचं, न पाहिलेलंसुद्धा. आई लवकर गेली. त्यानंतर शिट्टीची वेणी, शिट्टीचा डबा, शिट्टीचा ताप आणि वर्गशिक्षिकेच्या तक्रारी, सगळं ताईनेच निभावलं. लग्न ठरलं तेव्हा ताईने सरळ सांगितलं, मी हे घर सोडणार नाही, ज्याला यायचं त्याने इकडे यावं. भाऊजी आले. ते मालट्रक चालवायचे, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावरच असायचे, त्यामुळे त्यांना कुठलंही घर चाललं असतं.

घर तळमजल्यावर. बाबांचं दुकान बरोबर त्याच्या पोटात, बिल्डिंगच्या तळघरात. अर्ध्या तळघरात रहिवाशांच्या गाड्या, उरलेल्या अर्ध्यात बाबांचा लाकडी बाक, उंच स्टूल, पॉलिशचे डबे, आणि खिळ्याखिळ्याला लटकलेली पितळी वाद्यं. शहरभरचे बँडवाले आपली दुखणी घेऊन बाबांकडे यायचे. कोणाच्या ट्रम्पेटला पोचा, कोणाच्या ट्रॉम्बोनची नळी वाकलेली, कोणाचा सांधा निखळलेला. पोचा काढायला लाकडी हातोडी लागते, सांधा जोडायला ज्योत. ज्योतीसाठी बाकाशेजारी गॅसचा सिलिंडर, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला हातात धरायचा बर्नर.

तळघरात सिलिंडर ठेवायचा नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण बिल्डिंग नवी होती तेव्हापासून बाबा तिथे बसत होते, आणि बाबांना सांगणार कोण? अग्निशमन दलाकडून तपासणी झाली तेव्हा सेक्रेटरीकाकांनी मधला मार्ग काढला. सेक्रेटरीकाकांना मधले मार्ग फार सापडायचे. सिलिंडर हलवण्याऐवजी त्यांनी हवा बाहेर फेकणारा एक दांडगा पंखा बसवून घेतला. पंखा जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. पंख्याचं बटण त्याच्या शेजारीच, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तेवढीच वायर कमी लागली. आणि गॅस सुटला तर ओरडणारी एक पांढरी डबी, तीही खालीच, फरशीपासून वीतभर वर. ती खालीच का, हे बसवणाऱ्याने सांगितलं नाही आणि कोणी त्याला विचारलंही नाही. समोरच्या बिल्डिंगच्या तळघरात इस्त्रीचा कारखाना होता, सात-आठ बायका तिथे कपड्यांना इस्त्री करायच्या; तिथल्या सेक्रेटरींनीही त्याच माणसाकडून अगदी तसंच काम करून घेतलं.

मग पिल्लू झालं.

ताईच्या हातातोंडाशी येऊन दोनदा निसटलेलं सुख तिसऱ्या खेपेला घरात आलं, आणि अख्खी बिल्डिंग पायांच्या चवड्यांवर चालू लागली. जिन्यावरून धाडधाड उतरणारी पोरं तळमजल्याजवळ आली की चप्पल हातात घ्यायची. शिट्टी तर घरात खाणाखुणा करून बोलायला शिकली. तिचे हातवारे बघून ताई इतकी हसायची की त्या हसण्यानेच पिल्लू उठायचं, आणि मग ताई शिट्टीलाच फटका द्यायची. "अगं पण हसलीस तू!" शिट्टी कुजबुजायची. "हसवलंस कोणी?" ताईही कुजबुजतच भांडायची.

पण पंख्याला चवड्यांवर चालता येत नव्हतं. तो सुरू झाला की ताईच्या खोलीची फरशी थरथरायची, पाळण्याची कडी खुळखुळायची आणि पिल्लू डोळे टक्क उघडायचं.

"बाबा, दुपारी थोडा वेळ बंद ठेवता येईल का हो?" ताईने एकदा विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"येईल की," बाबा म्हणाले. "पंखा बंद तर ज्योत बंद. तेवढ्या वेळात मी पोचे काढतो, पॉलिश करतो. काम काय, कायम असतंच."

बाबा तसे शिस्तीचे. पंखा बंद असताना त्यांनी एकदाही ज्योत पेटवली नाही. पिल्लू उठलं की ताई खलबत्त्यातला बत्ता घेऊन फरशीवर दोन ठोके द्यायची, आणि मग बाबा पंखा लावायचे. हातोडीने ते खालून छतावर एक ठोका उलटा द्यायचे, म्हणजे 'कळलं'. बापलेकीचं हे टपाल रोज चालायचं. मधल्या वेळात बाबा बर्नरची कळ बंद करायचे, सिलिंडरची मात्र नाही. थोड्या वेळाने परत लागणारच आहे, कशाला वाकायचं, असा त्यांचा हिशेब.

डबीचंही तसंच झालं. बाबांचं पॉलिश उघडलं की ती ओरडायची, फरशी पुसायचं औषध सांडलं की ओरडायची. एका दुपारी ती अशी काही कोकलली की पिल्लू निळंजांभळं होईपर्यंत रडलं. त्या संध्याकाळी बाबांनी शिडी आणली.

"हिला वर टांगू," ते म्हणाले. "छताजवळ असली की उगाच नाक खुपसणार नाही."

शिट्टीने शिडी धरली. "बाबा, आता मलाही छताला टांगा. ताईची किती दिवसांची इच्छा आहे."

"तुझ्यासाठी खिळा कुठून आणू एवढा मोठा?" बाबा वरून म्हणाले, आणि डबी छताखाली घट्ट बसली. त्यानंतर ती एकदाही ओरडली नाही. बघ, कशी शहाणी झाली, असं बाबा म्हणायचे.

त्या दिवशी शिट्टी शाळेतून लवकर सुटली. आंतरशालेय वादविवादासाठी तिची निवड झाली होती. आजवर ज्या आवाजासाठी तिला बाकावर उभं केलं जायचं, त्याच आवाजासाठी बाईंनी तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं होतं. ती रस्ताभर पळत आली. ही बातमी आधी बाबांना, मग ताईला, मग ऐकेल त्याला, असा तिचा बेत होता.

उताराच्या तोंडाशी येऊन तिने छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात खालून बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते स्टुलावर बसले होते, मांडीवर एक ट्रम्पेट, हातात पॉलिशचं फडकं. पंखा बंद होता. शिट्टीने श्वास तसाच धरून ठेवला, गाल फुगवले, डोळे बाहेर काढले आणि आता फुटते की काय असं सोंग केलं. बाबांचे खांदे हसून हलायला लागले.

आणि वरून दोन ठोके आले.

"सुटलीस," बाबा स्टुलावरून उतरत म्हणाले. "थांब, पंखा लावतो, मग हवी तेवढी ओरड."

ते पंख्याजवळ गेले, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकले.

आधी उजेड आला, आवाज नंतर. उजेड निळा होता, जमिनीवरून पसरत गेला, एखादी चादर झटकावी तसा. मग काहीतरी शिट्टीच्या छातीवर आदळलं आणि ती रस्त्यावर उताणी पडली. कानात नुसता सूं आवाज. भुवयांचे केस जळल्याचा वास. तिने डोकं उचललं तेव्हा उतारातून धूर वर येत होता, आणि माणसं तोंडं उघडून धावत होती, पण त्यांच्या तोंडून आवाज येत नव्हता.

वर ताईच्या खोलीच्या खिडक्या फुटल्या, फरशीला भेग गेली, पण ताई आणि पिल्लू वाचले. पिल्लाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

भाजलेल्यांच्या वॉर्डात एकाच माणसाला आत सोडायचे. ताईला पिल्लामुळे जास्त वेळ थांबता येत नव्हतं, भाऊजी कुठल्याशा घाटातून परत निघाले होते, तेव्हा बाबांजवळ शिट्टीच असायची. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात पाठीमागे बांधायचा हिरवा झगा. बाबांचे डोळे आणि ओठ सोडले तर सगळं पांढऱ्या पट्ट्यांत.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"मी. शिट्टी."

"मग इतक्या हळू का बोलतेस? मला वाटलं नर्स."

तिला हसायला यायला हवं होतं. तिने मास्कच्या आत ओठ दाबून धरले.

"पिल्लू?"

"मजेत आहे. काही झालं नाही त्याला. ताईलाही नाही."

बाबांनी डोळे मिटले. तिला वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, "तू पाहिलंस ना? मी काय करत होतो ते?"

"हो."

"बटण दाबलं आणि भडका उडाला. गॅस साचला होता. नळी कुठेतरी फाटली असणार, मला वासच कळला नाही. पॉलिशने नाक मेलंय माझं." एकेका वाक्यानंतर ते थांबत होते. "ठोके तिने दिले होते. कळतंय का तुला मी काय म्हणतोय?"

शिट्टीला कळत होतं. तिने मान हलवली.

"तिला सांगायचं नाही. कोणी विचारलं तर सांग, बाबांनी ज्योत पेटवली. मीही तेच सांगणार आहे."

"पण तुम्ही नव्हती पेटवली! लोक म्हणतील..."

"म्हणू देत लोकांना. ती पोर किती वर्षं वाट बघून आई झालीय. पिल्लाकडे बघितलं की तिला हे आठवायला नको." त्यांनी ओठ ओले केले. "तुझ्या पोटात काही राहत नाही, मला माहीत आहे. हे एवढं ठेव. माझ्यासाठी ठेव."

दुपारी अग्निशमन दलातल्या एक अधिकारी बाई आल्या. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, बुटांवर काजळी. त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं, आणि बाबांनी त्यांना सांगितलं की पंखा बंद होता, तरी मी ज्योत पेटवली, चूक माझी. बाईंनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी मान वर करून एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा शिट्टीकडे.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरून गेलं. शिट्टी पाणी देत फिरायची, आणि प्रत्येक खुर्चीजवळ तिला तेच ऐकू यायचं.

"एवढा जाणता माणूस, आणि पंखा बंद असताना आग पेटवायची?"

"वय झालं की होतं असं. विसरतात."

"आपण सगळे मेलो असतो हो. वर बाळ होतं, त्याचा तरी विचार करायचा." हे सेक्रेटरीकाका. त्यांनीच पंखा आणला होता, तेव्हा ते विशेष दुखावले होते. "मी माझ्याकडून सगळी व्यवस्था करून दिली होती."

शिट्टीने त्यांच्या हातात पाण्याचा पेला इतक्या जोरात दिला की अर्धा त्यांच्या पँटवर सांडला. तोंडातून मात्र तिने एक शब्द काढला नाही. वादविवादासाठी शाळेने निवडलेली मुलगी, आणि आपल्या बापासाठी तिला चार वाक्यं बोलता येत नव्हती.

लोकांचं ती सोसू शकली असती. ताईचं सोसवत नव्हतं. ताई आधी रडली, मग गप्प झाली, आणि मग चिडली. चिडली ती चिडलीच.

"त्यांनीच सांगितलं होतं मला, पंखा बंद तर ज्योत बंद," ती भाऊजींना म्हणायची, भेटायला आलेल्या मावशीला म्हणायची, भिंतीलाही म्हणायची. "मी विश्वास ठेवला. खाली बाबा आहेत म्हणून निर्धास्त झोपायचे मी. आणि ते खाली असा खेळ करत होते? पिल्लाला काही झालं असतं म्हणजे?"

एकदा तर तिने कपाटावरचा बाबांचा फोटो उचलून आत ठेवून दिला. "मला आत्ता बघवत नाहीत ते," ती म्हणाली. शिट्टी दारात उभी होती. तिच्या जिभेच्या टोकाशी सगळं आलं होतं. तिने ते गिळलं.

आठवड्याभराने अधिकारी बाई पुन्हा आल्या. घरात न येता त्यांनी शिट्टीला उताराच्या तोंडाशी बोलावलं. तळघर दोरी लावून बंद केलं होतं. आत सगळं काळं, आणि भिंतीवरची वाद्यं वितळल्यासारखी एकमेकांना चिकटलेली.

"तुला त्रास द्यायला आले नाही मी," बाई म्हणाल्या. "पण काहीतरी जुळत नाहीये. तुझ्या वडिलांच्या बर्नरची कळ बंद होती. घट्ट बंद. ज्योत पेटवलेल्या माणसाची कळ बंद कशी?"

शिट्टी बुटाने रस्त्यावरचा खडा उकरत राहिली.

"नळीला सिलिंडरजवळ चीर आहे. सिलिंडर चालू होता, म्हणजे दुपारभर गॅस जमिनीवर साचत होता. पंखा बंद, आणि सूचना देणारी डबी छताला. तिथपर्यंत हा गॅस पोचतच नाही. डबीला कळणार कसं?" बाई थांबल्या. "आणि सगळ्यात जास्त जळलंय ते पंख्याचं बटण. बटण दाबलं की आत बारीकशी ठिणगी उडते, आपल्याला दिसतही नाही. एरवी काही होत नाही. गॅस साचलेला असेल तर तेवढी पुरते. म्हणून गॅस सुटल्यावर पंखा लावायचा नसतो, दिवा लावायचा नसतो, लागलेला बंदही करायचा नसतो. दारं उघडायची आणि बाहेर पडायचं. पण हे लोकांना कोण सांगतं? लोकांना वाटतं पंखा लावला की जीव वाचला."

"डबी आम्हीच वर लावली," शिट्टी म्हणाली. "मी शिडी धरली होती."

"तुला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं." बाईंनी समोरच्या बिल्डिंगकडे मान वळवली. तिथल्या उतारावरून इस्त्रीची वाफ बाहेर येत होती आणि बायकांचं मोठमोठ्याने हसणं. "तिथेही बटण आतच आहे, पंख्याला खेटून. मी सांगितलं की बाहेर घ्या. त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, समोर तर म्हाताऱ्याच्या निष्काळजीपणाने झालं, त्याने स्वतः कबूल केलंय, आमच्याकडे कोणी ज्योत लावत नाही. मी बटणाबद्दल लिहीनच. पण मरणाऱ्या माणसाचे शब्द माझ्या कागदाविरुद्ध उभे आहेत. ज्याने डोळ्यांनी पाहिलं असं कोणी बोललं, तर गोष्ट वेगळी." त्या तिच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "तू इथेच होतीस ना?"

"बाबांनी सांगितलंय ते बरोबर आहे," शिट्टी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बाईंनी जोर केला नाही. "उद्या येते मी परत," एवढंच म्हणाल्या. "कोणाला तरी वाचवतेयस तू. ते मला दिसतंय. पण त्या समोरच्या बायकांना मी काय सांगू, ते तूच सांग."

शिट्टी बराच वेळ उतारावर बसून राहिली. समोरच्या तळघरातली एक बाई घाम पुसायला बाहेर आली, तिने हिला ओळखलं, आणि हात वर केला. शिट्टीनेही हात वर केला. मग ती उठून घरात गेली.

ताई गॅलरीत पिल्लाचे कपडे वाळत घालत होती. पिल्लू आत सतरंजीवर आपल्या पायाचा अंगठा पकडण्याच्या खटपटीत होतं.

"ताई."

"हं. ते चिमटे दे."

शिट्टीने चिमटे दिले. "बाबांनी ज्योत पेटवली नव्हती."

"तू कायम त्यांचीच बाजू घेतलीस," ताई वळूनही न बघता म्हणाली. "घे. मी नाही अडवत."

"बाजू नाही. मी पाहिलं. मी उतारावर होते."

ताईचा हात दोरीवर थांबला. "मग काय करत होते ते?"

शिट्टी वाकून खाली पडलेला चिमटा उचलू लागली.

"बोल ना. एरवी तोंड मिटत नाही तुझं."

"पंखा लावत होते."

"पंखा? त्या वेळी पंखा कशाला? पिल्लू तर..." ताई बोलता बोलता थांबली. हातातलं झबलं पिळून झालं होतं, तरी ती ते पुन्हा पिळायला लागली. त्यातून पाणी निघत नव्हतं. "मी ठोके दिले," ती म्हणाली. "पिल्लू उठलं होतं. मी ठोके दिले."

"गॅस आधीच साचला होता, ताई. नळी फाटली होती. ठोके नसते दिलेस तरी त्यांनी कधीतरी बटण दाबलंच असतं."

"कधीतरी," ताई म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांना कळलं होतं?"

"हो. त्यांनीच सांगितलं की ज्योत पेटवली म्हण. तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. मी शब्द दिला होता."

ताईने झबलं खाली ठेवलं. तिचा चेहरा रडवेला नव्हता. शिट्टीने तो कधीच पाहिला नव्हता, असा काहीतरी होता.

"मी त्यांना सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणत होते," ती सावकाश म्हणाली. "मावशीसमोर. ह्यांच्यासमोर. त्यांचा फोटो आत टाकला मी. आणि तू दारात उभी राहून ऐकत होतीस."

"ताई, मी..."

"रोज ऐकत होतीस."

शिट्टीने ताईचा हात धरायला हात पुढे केला. ताईने आपला हात मागे घेतला. रागाने नाही. एखादी भाजलेली जागा आपण जपतो तसा. आत पिल्लू कुरकुरलं. ताई जागची हलली नाही. शेवटी शिट्टीनेच जाऊन त्याला उचललं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या तेव्हा दार ताईनेच उघडलं. केस विंचरलेले, स्वच्छ धुतलेले कपडे. तिने बाईंना खुर्ची दिली, आणि स्वतः उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी ज्योत पेटवली नाही. पंखा बंद असताना त्यांनी कधीच पेटवली नाही. बाळासाठी पंखा बंद ठेवा, असं मी त्यांना सांगितलं होतं. बाळ उठलं की मी वरून ठोके द्यायचे, मग ते पंखा लावायचे. त्या दिवशीही मी ठोके दिले. ते पंखा लावायला वाकले, हे माझ्या बहिणीने पाहिलं." एवढं बोलून ती थांबली, आणि श्वास घेऊन पुढे म्हणाली, "हेही लिहा की तळघरात सिलिंडर ठेवू नये हे आम्हाला माहीत होतं. आणि डबी खाली का असते, ते आम्हाला माहीत नव्हतं."

बाई लिहीत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "ठोक्यांचं लिहिलं नाही तरी चालेल. बटणाजवळ होते, एवढं पुरेसं आहे मला."

"नको," ताई म्हणाली. "मग विचारतील, पंखा लावायला गेलेच कशाला. सगळंच लिहा. आणि समोर वाचून दाखवा. सेक्रेटरीकाकांनाही दाखवा."

तिने सही केली. तिच्या खाली शिट्टीने केली. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळून ताईसमोर मान लववून निघून गेल्या. थोड्या वेळाने त्या रस्ता ओलांडून समोरच्या उतारावरून खाली जाताना खिडकीतून दिसल्या.

ताईने आतून बाबांचा फोटो आणून कपाटावर ठेवला. मग शिट्टीकडे पाठ करून म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आज माझ्याशी बोलू नकोस."

शिट्टी बोलली नाही. दिवसभर पिल्लाला तिनेच घेतलं, तिनेच भरवलं, तिनेच फिरवलं. ताई स्वयंपाकघरात होती, नळ चालू करत होती, बंद करत होती. भांडी केव्हाच घासून झाली होती. संध्याकाळी भाऊजी आले, दोघींकडे आळीपाळीने बघून त्यांनी स्वतःच ताटं घेतली, आणि जेवणं उरकली.

सकाळी शिट्टी उठली तेव्हा ताई शेगडीपाशी उभी होती. चहाचं पाणी उकळत होतं.

"दूध संपलंय," ताई म्हणाली. "जाऊन घेऊन येतेस?"

"आणते," शिट्टी म्हणाली, आणि पिशवी घेऊन चप्पलसुद्धा नीट न घालता धावत सुटली. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे नेहमीसारखी रांग होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिथे, दुधाच्या रांगेत, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू आलं. आधी आवाज न करता, मग तिच्या नेहमीच्या आवाजात. रांगेतली माणसं वळून बघू लागली. पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनी तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्या पुढे घेतलं. मग त्यांच्या पुढचा माणूसही बाजूला झाला.